जनाबियातली इटलीची वेस

सन दोन हजार अठरा. मला सदुसष्टावं चालू होतं. बहरीनला येऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान तीस मी अशा भिंती बांधण्यात घालवली की ज्यांच्याकडे वळून बघावंसं मला कधी वाटलं नाही. सिमेंटचे ब्लॉक, वर प्लास्टर, वर रंग. माहूजला माझा मुलगा ज्या बिल्डिंगीत भाड्याने राहतो तिचा जिना माझ्या हातचा आहे. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "अब्बा, तरीच तिसरी पायरी उंच आहे." ती उंच नाही. दुसरी बुटकी आहे, आणि ती मी बांधलेली नाही.

मी मूळचा दगडाचा गवंडी. रायगड जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर किल्ला. आजा आणि बाप दोघेही कमानीचे कारागीर. मशिदीची कमान असो, विहिरीची असो, देवळाच्या ओवरीची असो, चार गावांतून बोलावणं यायचं. माझी शाळा तिसरीत सुटली आणि दुसऱ्या दिवसापासून बापाने हातात छन्नी दिली. पुढे गावात सिमेंट आलं, कमानी गेल्या, आणि मी इकडे आलो. इकडे कोणी विचारलंच नाही की तुला दगड येतो का.

त्या साली आमच्या कंपनीला जनाबियाला समुद्राकाठी एक काम लागलं. तिथून सौदीकडे जाणारा पूल दिसतो. जागेचा अरबाब, म्हणजे मालक, साठीचा बहरीनी माणूस. तरुणपणी तो इटलीतल्या एका गावात उन्हाळाभर राहिला होता. समुद्रात घुसलेल्या खडकावर, तटबंदीच्या आत वसलेलं गाव. ते त्याच्या डोक्यातून काही जाईना. आता त्याला इथे तसंच जेवणाचं ठिकाण उठवायचं होतं. तट हवा, वेस हवी, चौक हवा, बुरूज हवा, आणि तटाच्या पोटात लोकांनी बसून मासळी खायच्या खोल्या हव्यात. त्यासाठी त्याने त्याच गावची एक बाई आणली होती. आर्किटेक्ट. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला पुरुषी टोपी, बुटांवर कायम चुना.

बाईने पोर्टाकॅबिनच्या भिंतीवर तिच्या गावचे फोटो चिकटवले होते. चहाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन उभा राहायचो. आमचा इंजिनियर पुण्याचा, पस्तिशीचा पोरगा, स्वभावाने चांगला पण सिमेंटवर फार श्रद्धा. बाई इंग्रजीत सांगायची आणि तो मला मराठीत सांगायचा. असं करत करत तिचं अख्खं गाव मला पाठ झालं.

गावाला वाटा दोन. एक जमिनीकडची वेस आणि एक समुद्राकडचं दिंडीसारखं दार, तिथून होड्या ओढून आत घ्यायच्या. चौकाच्या खाली हौद. गावातल्या प्रत्येक छपराचं पाणी पन्हळीतून त्या एका हौदात यायचं, आणि वेढा पडला की अख्खं गाव त्यावर जगायचं. पाणी काढायच्या तोंडाच्या दगडाला दोरांनी बोटभर खोल चरे पाडलेत. कोळ्यांचं एक चर्च आहे, त्याच्या छताला लाकडाच्या छोट्या होड्या टांगल्यात. वादळातून जो वाचून आला त्याने नवस फेडायला एक होडी आणून टांगायची. गल्ल्या इतक्या अरुंद की वरात असो नाहीतर मयत, लोकांनी एकामागे एक चालायचं. चार बुरूज होते. एक समुद्रानेच खाल्ला, आता तीन. वरच्या डोंगरावर एक टेहळणीची माडी. तिथे एक माणूस बसायचा, लांबवर शिडं दिसली की ओला पेंढा पेटवून धूर करायचा, आणि खाली वेस बंद व्हायची.

"शिडं कोणाची?" मी विचारलं.

इंजिनियर जरा घुटमळला. "समुद्री लुटारूंची, चाचा. म्हणजे... आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून यायचे. मुसलमान होते ते."

आमच्याबरोबर रत्नागिरीकडचा एक सुतार होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, कॅम्पवर आमची खोली एक, आणि जीभ रंध्यापेक्षा धारदार. तो चहा फुंकता फुंकता म्हणाला, "म्हणजे मिस्त्री, तुम्हाला आत घ्यायला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप!"

"म्हणून तर इतकी वर्षं टिकला," मी म्हणालो. "धाक होता आमचा."

बाईने विचारलं काय झालं. इंजिनियरने लाजत लाजत सांगितलं. ती इतकी हसली की टोपी पडली. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या आजीला त्यांनी पळवून नेलं असं घरात सांगतात. खरं तर ती आपल्या पायांनी गेली असणार, आमच्या गावात तेव्हा खायला काही नव्हतं."

आणि आता? मी विचारलं. आता तिथे उन्हाळ्यात बाहेरची माणसं येतात. हिवाळ्यात तटाच्या आत बारा-पंधरा घरांत दिवा लागतो. पोरं अमेरिकेत, जर्मनीत. मला आमची आळी आठवली. तिथेही कुलपंच जास्त, आणि कुलपांच्या किल्ल्या कुवेतला, दोहाला आणि इथे.

आता मुद्द्यावर येतो. नकाशात वेस होती सिमेंटची. आतून लोखंडी सळ्या, वरून काँक्रीट, आणि वर दगडाच्या चकत्या चिकटवायच्या, केकवर बदाम लावावेत तशा. बाईला ते सोसत नव्हतं. एका बैठकीत अरबाबसमोर ती म्हणाली, वेस तरी खऱ्या दगडाची करा, बाकी तुमचं तुम्ही बघा. इंजिनियर म्हणाला, मॅडम, खरी कमान बांधणारा माणूस बहरीनमध्ये मिळणार नाही.

मी दाराशी उभा होतो, पाण्याच्या टँकरची पावती द्यायला गेलो होतो. मी म्हणालो, "मी आहे."

इंजिनियर वळला. "चाचा, ही सहा हात रुंद कमान आहे. वर पाच फूट भिंतीचं वजन."

"माझ्या बापाने ओढ्यावर आठ हातांची बांधलीये. तिच्यावरून आज एसटी जाते."

एसटी जात नाही. बैलगाडी जायची, आता रिक्षा जाते. पण बोलून गेलो.

अरबाबला हिंदी चांगली येते. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं, आणि विचारलं, लोखंड किती लागेल? मी म्हणालो, मफी, म्हणजे अजिबात नाही. सिमेंट? मफी. चुना, वाळू, विटांचा चुरा आणि दगड. तो थोडा वेळ दाढी कुरवाळत बसला. मग त्याने ठरवलं ते असं: रमजान लागायच्या आत वेस उभी राहिली तर मोठा बुरूजसुद्धा दगडाचा, आणि तोही मीच बांधायचा. नाही राहिली तर वेस, बुरूज, सगळं काँक्रीटचं.

त्यात माझं काय अडकलं होतं ते सांगतो. कंपनीने आधीच कळवलं होतं की या वयाला पुन्हा व्हिसा वाढवायचा तर तसं कामच असलं पाहिजे. मुलाने जूनचं तिकीट बघून ठेवलं होतं. मी ब्लॉक रचणारा म्हातारा म्हणून जाणार होतो, आणि एकोणचाळीस वर्षांत ज्याला वळून बघावं असं एकही बांधकाम मागे ठेवून जाणार नव्हतो. तोंडाने हे कोणाला बोललो नाही. पण त्या बैठकीतून बाहेर आलो तेव्हा माझे गुडघे वीस वर्षांनी लहान झाले होते.

दगड ओमानहून आला. पिवळसर, चुन्याचा, छन्नीखाली लोण्यासारखा सुटणारा. आमच्या काळ्या दगडापुढे पोरखेळ. बाई पंधरा दिवसांसाठी तिच्या गावी गेली आणि इंजिनियरला सखीरकडच्या दुसऱ्या कामावर अर्धा दिवस पाठवू लागले. मला तेच हवं होतं. मी पोर्टाकॅबिनमागे जमीन सपाट केली, तिच्यावर खुंट्या ठोकल्या, सुताने कमान आखली, खऱ्या मापाची. आमच्या घराण्यात कागदावर कमान काढत नाहीत, जमिनीवर काढतात, आणि दगड तिच्यावर मांडून बघतात. सुतार तिच्यावरून लाकडी साचा करायला बसला. कमानीचा दगड पक्का होईपर्यंत ज्यावर टेकून राहतो तो साचा.

दोन दिवसांनी सुतार नकाशा घेऊन आला. "मिस्त्री, कागदावर मला काहीतरी गोल दिसतंय."

"कागद इंजिनियरने काढलाय. कमान मी बांधतोय."

"तसं नव्हे, तुम्ही एकदा बघा तरी."

"फोटो बघितलाय ना मी! रोज बघतोय. तू तुझा रंधा मार."

त्याने रंधा मारला. मी अकरा दिवसांत अठ्ठावीस दगड घडवले. एकेक असा की दोन दगडांच्या सांध्यात विडीचा कागद जाऊ नये. बाई परत यायच्या सकाळी मी ते सगळे जमिनीवर आखणीप्रमाणे मांडले, दोन्ही बाजूंनी चौदा-चौदा, आणि वर धुऊन काढले. उन्हात काय दिसत होते! इंजिनियरने मोबाइलवर फोटो काढले. चार पोरं बघायला उभी राहिली.

बाई आली. बॅग खाली ठेवली. मांडलेल्या कमानीभोवती एक फेरी मारली. खाली बसून एका दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग इंजिनियरकडे बघून हळू आवाजात दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणते?"

इंजिनियरचा चेहरा उतरला होता. "चाचा, ती म्हणते, काम फार सुंदर आहे. पण हे तिच्या गावचं नाही."

मी आमची कमान बांधली होती. टोकाची. आमच्या किल्ल्याची, आमच्या मशिदीची, बापाची, आजाची. मी जमिनीवर खुंट्या ठोकताना एक ठोकायच्या जागी दोन ठोकल्या होत्या. तिच्या गावची वेस अर्ध्या भाकरीसारखी गोल, एका खुंटीवर सूत फिरवून निघणारी. आणि तो फोटो? फोटोत वेशीच्या डोक्यावर कुठल्यातरी सणाची निशाणं लावली होती, कमानीचा वरचा भाग त्यांच्या मागे झाकलेला. जे दिसत नव्हतं ते मी माझ्या मनाचं भरून घेतलं. वेस म्हटली की टोक असायचंच, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

लगेच कबूल करीन तर मी कसला! मी म्हणालो, "तिला सांग, टोकाची कमान बाजूंना कमी ढकलते. गोल कमान पाय पसरते. आमचीच बरोबर."

बाईने ते ऐकून घेतलं, मान हलवली. "तो म्हणतो ते खरं आहे," ती म्हणाली. "पण माझ्या गावच्या भिंती पाय पसरू देत नाहीत. जाडी बघ." आणि तिने हात पसरून दाखवलं, एवढे, अजून, अजून. "आमचे लोक गरीब होते, पण घाबरलेले होते. घाबरलेला माणूस भिंत जाड बांधतो."

दुपारी इंजिनियर माझ्याजवळ येऊन बसला. "चाचा, खलास करू या. अरबाबला मी समजावतो. दगड आले नाहीत वेळेवर असं सांगू. तुमचं नाव खराब होणार नाही." बोलला ते मायेनेच, पण मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. माझ्यासाठी कोणी खोटं बोलावं अशी वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती.

सुताराने नुसता आपला टोकाचा साचा बघितला, मग मला बघितलं, आणि तंबाखू मळायला घेतली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी गावी फोन लावला. बायकोला काही सांगायचं नव्हतं, पण पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईपासून आवाज लपत नाही.

"काय झालं?"

सांगितलं.

"मग गोल बांधा."

"असं कसं गोल बांधा? अठ्ठावीस दगड झालेत."

"अवो, तुमचा बापही असाच. विहिरीचं तोंड चुकलं तर म्हणाला विहीर वाकडी आहे. गोल बांधलंत म्हणून काय अब्रू जाते का तुमची?"

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला एवढं कळतं की बाईच्या गावची वेस आहे, तुमच्या गावची नाही. माझ्या घरात येऊन कोणी चूल दुसरीकडे मांडली तर मी ऐकून घेईन?" आणि वर म्हणाली, "औषध घेतलं का?"

घेतलं नव्हतं. घेतलं. मग जमिनीवरच्या त्या आखणीतला एक दगड डोळ्यांसमोर धरून विचार करत बसलो. टोकाच्या कमानीत दगडाची पाचर बारीक असते, गोल कमानीत जास्त निमुळती. म्हणजे प्रत्येक दगडाच्या बुडाकडचं बोटभर मांस काढलं तर तोच दगड गोल कमानीत बसेल. वरची रुंदी तशीच ठेवायची. नवा दगड घडवायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. मी सुताराला विचारलं, "साचा गोल करायला किती दिवस?"

तो तंबाखू थुंकून आला. "आधी बोला, कागदावर काय होतं?"

"गोल."

"कोणी सांगितलं होतं?"

"तू."

"मग दोन दिवस," तो म्हणाला. "रागावलो असतो तर चार लागले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईसमोर उभा राहिलो. इंजिनियरला म्हणालो, "जसं बोलतो तसंच सांग, गोडधोड घालू नकोस. सांग की चूक माझी. नकाशा बघितला नाही. वेस गोल होईल, याच दगडांची होईल, आणि वेळेत होईल. इंशाल्ला." बाईने हात पुढे केला. हात दगडी कामाचा होता, कडक. तिने नंतर कधी तो विषय काढला नाही, एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.

सहा दिवस मी पुन्हा छन्नी चालवली. मी हाताखालच्यांनाही हात लावू दिला नाही. दोन दगड फुटले, सव्वीस राहिले. मधला, डोक्यावरचा, चावीचा दगड मात्र नवीन लागणार होता, कारण आमच्या टोकाच्या कमानीला तो नसतोच. टोकाला दोन दगड एकमेकांना टेकतात. चावीचा दगड मी आयुष्यात घडवलेला नव्हता. बाईला विचारलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने बाईला विचारलं, लिहून ठेवतो. तिने खडूने जमिनीवर काढून दाखवलं: इतरांपेक्षा चार बोटं लांब, वरून थोडा डोकं काढून बसलेला. "सगळ्यात शेवटी बसतो आणि सगळ्यात आधी श्रेय घेतो," ती म्हणाली. सुतार म्हणाला, "आमच्या कंपनीत असे बरेच आहेत."

मग रचाई. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर जायचं, एक दगड डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे साचा कलत नाही. चुना आम्ही तीन आठवडे आधीच विरवून ठेवला होता, त्यात विटांचा चुरा. बाई म्हणाली त्यांच्याकडेही हेच घालतात. मी म्हणालो आमच्याकडे वर गूळही घालतात. इंजिनियर म्हणाला, चाचा, गूळ नको, मुंग्या लागतील आणि हेल्थवाले हॉटेल बंद करतील. गूळ घातला नाही. वारा सुटला की चुना फाटतो, म्हणून गोणपाटं भिजवून कमानीच्या अंगावर पांघरून ठेवली आणि दिवसातून पाच वेळा पाणी मारलं. नमाजाची वेळ झाली की आधी कमानीला पाणी, मग मला. तसं ते लक्षातही राहायचं.

चावीचा दगड बसवायच्या दिवशी तो केसभर जाड निघाला. खाली उतरवला, घासला, पुन्हा चढवला. तरी अडला. सुतार खालून ओरडला, "मिस्त्री, तुमच्यासारखाच आहे, ऐकत नाही!" तिसऱ्या वेळी लाकडी मोगरीने तीन ठोके दिले आणि तो बसला. कुठल्याही कमानीचा शेवटचा दगड बसला की आवाज बदलतो. ठक-ठक चाललेलं एकदम भरीव, खोल होतं. मी तो आवाज चाळीस वर्षांनी ऐकला.

वर भिंत चढवली, आणि साचा काढायचा दिवस ठरला. रमजानला नऊ दिवस होते.

अरबाब आला, त्याचे दोन भाऊ आले. सेफ्टीवाल्याने पिवळी फीत ताणली, शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना वीस पावलं मागे घेतलं. साचा पाचरींवर उभा असतो. पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या, दोन्हीकडून सारख्या, म्हणजे कमान हळूहळू स्वतःवर वजन घेते. हे काम सुताराचं. त्याने मोगरी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

मी फितीखालून वाकून आत गेलो.

"चाचा!" इंजिनियर ओरडला. "बाहेर या! अलाउड नाही!"

आमच्याकडे रीत अशी की कमान ज्याने बांधली त्याने साचा निघताना तिच्याखाली उभं राहायचं. बापाला मी तसं उभं राहिलेलं दोनदा बघितलं आहे. त्याची आई, माझी आजी, लांब उभी राहून शिव्या देत असायची. यात शौर्य काही नाही. स्वतःला खाली उभं राहायचं आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलं की माणूस एकही दगड आळसाने बसवत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

सेफ्टीवाला शिट्टी फुंकत धावला. अरबाबने त्याला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "हाजी, पक्का?"

मी हजला गेलेलो नाही, पण त्या वेळी दुरुस्त करत बसलो नाही. "पक्का," म्हणालो.

"यल्ला, चलो," अरबाब म्हणाला.

सुताराने पहिली पाचर मारली. मग दुसरीकडची. पुन्हा इकडची. तो मोठ्याने काहीतरी पुटपुटत होता. मागून कळलं, गणपतीचं नाव घेत होता. मी कलमा म्हणत होतो. चौथ्या फेरीला डोक्यावर 'कुर्र' असा बारीक आवाज झाला आणि माझ्या खांद्यावर चिमूटभर वाळू पडली. कोणीतरी "ओ!" केलं. मी वर बघितलं. सांधे मिटत होते. दगडांनी एकमेकांना घट्ट धरलं, गर्दीत माणसं खांद्याला खांदा लावतात तसं. पुढच्या ठोक्याला साचा हातभर खाली आला, आणि साचा आणि कमान यांच्यामधून मला पलीकडचं आभाळ दिसलं. पट्टीसारखं, निळं.

कमान हलली नाही.

मी तसाच उभा राहिलो. बाहेर यावं असं सुचलंच नाही. सुतार साच्याच्या फळ्या ओढून काढत होता आणि म्हणत होता, "सरका ओ मिस्त्री, आता काय इथेच राहणार की काय!"

बाई शिडी लावून चढली, कमानीला कान लावला, मग आधी घेतलेल्या मापाशी आताचं ताडून बघितलं. डोक्यावरचा दगड तीन मिलिमीटर खाली बसला होता, त्याच्यापलीकडे नाही. तिने वरूनच बोटं दाखवली, तीन. मग म्हणाली, आणि इंजिनियरने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं: "मॅडम म्हणतात, त्यांच्या गावची खरी वेस वीतभर खचलेली आहे. तिथल्या मिस्त्रीला बहुतेक खाली उभं केलं नव्हतं."

टाळ्या झाल्या. कामावरची पोरं तेलुगूत, बंगालीत, मल्याळीत ओरडली. अरबाब कमानीखाली आला, भिंतीला हाताने थोपटलं, वाकून आतल्या बाजूला बघितलं, जणू कोणी काहीतरी लपवून ठेवलंय.

"लोखंड?" त्याने पुन्हा विचारलं.

"मफी."

"सिमेंट?"

"मफी."

त्याने आपल्या भावांकडे बघून अरबीत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यातलं मला एवढंच कळलं की तीनदा 'अल-हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी माणूस, आलं आणि तिन्ही वेळा त्याने छातीला हात लावला. मग इंजिनियरला म्हणाला, बुरूज दगडाचा. हा माणूस बांधणार. याचा व्हिसा, याची माणसं, काय लागेल ते लिहून आण.

इंजिनियर माझ्याजवळ आला. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, पुण्याच्या पद्धतीने. आमच्यात तसं चालत नाही, पण मी त्याला अडवलं नाही. "चाचा," तो म्हणाला, "मला कॉलेजात कमान गणितात शिकवली. आज बघितली."

"मलाही गोल कमान आजच कळली," मी म्हणालो. हे मी त्याच्यासमोर बोललो, दुसऱ्या कोणासमोर बोललो नसतो.

संध्याकाळी मुलाला फोन केला की जूनचं तिकीट परत कर. तो म्हणाला, अब्बा, किती दिवस आता? मी म्हणालो, बुरूज तीस फूट उंच आहे, तू हिशेब कर. बायकोला कळवलं. ती म्हणाली, "गोलच केलीत ना शेवटी?" आणि फोन ठेवला. पण ठेवायच्या आधी हसली, ते मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जागेवर पोचलो तेव्हा वेशीसमोर एक ट्रेलर उभा होता. बुरुजासाठी आधीच मागवलेल्या सळ्या घेऊन आलेला. ड्रायव्हर कागद पुढे करत म्हणाला, कुठे उतरवू? मी कागद हातात घेतला, इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत पहिल्यापासून शेवटपर्यंत हळूहळू वाचला, त्याच्याच पेनाने खाली सही केली आणि सहीच्या वर मराठीतच लिहिलं: परत. मग ट्रेलर वळवायला त्याला हाताने जागा दाखवली, आणि तो रस्त्याला लागेपर्यंत तिथे उभा राहिलो.